आधी नियम ठरवा, मग बोट: जलतरण क्लब आणि प्रशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
लांब पल्ल्याच्या सागरी मोहिमा आखणारे महाराष्ट्रातील जलतरण क्लब, प्रशिक्षक आणि आयोजक

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा पुढच्या हंगामाची आखणी होते. धरमतर ते गेटवे कुणी करायचं, इंग्लिश खाडीला कुणाला पाठवायचं, अमेरिकेतलं कॅटालिना की स्पेनजवळचं जिब्राल्टर, हे याच महिन्यांत ठरतं. खर्चाचा अंदाज निघतो, प्रायोजक गाठले जातात, बोटीची चौकशी होते. पण ही मोहीम कुठल्या संस्थेच्या नियमांखाली होणार, आणि ती नियमाप्रमाणे पुरी झाली हे कोण सांगणार, हा प्रश्न शेवटपर्यंत बाजूलाच राहतो. बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षक तो एकटे सोडवतात, नाहीतर ओळखीच्या मध्यस्थावर टाकतात. पोहणाऱ्याला संस्थेचं नाव कळतं ते अर्जावर सही करताना. ही पद्धत आम्हाला मान्य नाही, आणि आपापसात बोलून ती बदलत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

आम्ही बोटीवर नोंदवही घेऊन बसणारी माणसं आहोत. पोहणारा पाण्यात असतो तेवढा वेळ तास, मिनिटाला पडणारे हात, तापमान आणि जागा लिहून काढणं हे आमचं काम. नियम आधी ठरलेले नसतील तर त्या नोंदीला काही अर्थ उरत नाही, आणि तिच्याबरोबर पोहणाऱ्याची काही वर्षांची मेहनतही वाया जाते. आमचा या विषयाशी संबंध तो एवढाच, पण थेट आहे.

सुरुवात एका गोंधळापासून करतो, कारण बाकीच्या चुका त्यातून निघतात. ‘आमचा क्लब राज्य संघटनेशी संलग्न आहे, राज्य संघटना स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडियाशी, ती वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सशी, मग वेगळी संस्था कशाला?’ असं आम्हाला वारंवार ऐकवलं जातं. ही साखळी शर्यतींची आहे. २००८च्या बीजिंगपासून ऑलिम्पिकमध्ये असलेली १० किलोमीटरची शर्यत वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या नियमांनी होते: ठरलेला मार्ग, एकत्र सुरुवात, पंच, आणि पाण्याचं तापमान १६ ते ३१ अंशांच्या आत. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरची स्पर्धा याच जातीची. एकट्यानं, बोटीच्या सोबतीनं, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहणं हा वेगळा प्रकार आहे. तिथे पंच नसतो, निरीक्षक असतो, आणि त्या त्या जलमार्गाची स्वतंत्र संस्था असते. इंग्लिश खाडीसाठी दोन आहेत. कॅटालिनासाठी कॅटालिना चॅनल स्विमिंग फेडरेशन, उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या नॉर्थ चॅनलसाठी आयरिश लाँग डिस्टन्स स्विमिंग असोसिएशन, जिब्राल्टरसाठी स्पेनमधील ‘एसीएनईजी’ या नावानं ओळखली जाणारी संस्था. शर्यतीतली संलग्नता इथे उपयोगाची नाही.

अशा संस्थांची गरज का पडली, त्याचा इतिहास आपल्या प्रत्येक क्लबात माहीत असायला हवा. मॅथ्यू वेब १८७५च्या ऑगस्टमध्ये डोव्हरहून निघून २१ तास ४५ मिनिटांनी कॅलेला पोचले, तेव्हा त्यांच्यासोबत बोटी आणि साक्षीदार होते. पुढे अर्धशतकभर ज्यानं त्यानं आपापले साक्षीदार आणले. मग ऑक्टोबर १९२७ मध्ये डॉ. डोरोथी लोगन यांनी खाडी पार केल्याचा दावा केला, वर्तमानपत्राचं हजार पौंडांचं बक्षीस स्वीकारलं, आणि थोड्याच दिवसांत स्वतःच जाहीर केलं की हा बनाव होता; देखरेख नसेल तर खोटा दावा किती सहज खपतो ते त्यांना दाखवायचं होतं. त्याचा फटका बसला मर्सिडीज ग्लाइट्झ यांना. त्या ७ ऑक्टोबरला खरोखर पोहून गेल्या होत्या, पण त्यांच्यावरही संशय घेतला गेला. तो दूर करण्यासाठी त्यांना २१ ऑक्टोबरला, आणखी थंडावलेल्या पाण्यात, पुन्हा उतरावं लागलं. दहा तासांहून अधिक वेळ झुंजून अखेर त्यांना बोटीवर घ्यावं लागलं. त्याच वर्षी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. खोटं बोलणाऱ्याला थांबवण्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, अशा संस्थेचा उपयोग खरं पोहणाऱ्याला होतो. मिहिर सेन यांचं १९५८चं आणि आरती साहा यांचं १९५९चं पोहणं आज कुणीही नाकारू शकत नाही, ते या व्यवस्थेमुळे. पुण्याचे रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ हा जगातल्या सात अवघड समुद्रमार्गांचा संच पुरा केला तो सात ठिकाणच्या सात वेगळ्या व्यवस्थांमधून जाऊन.

आता आमच्या तक्रारी.

पहिली इंग्लिश खाडीबद्दल. इथे चॅनल स्विमिंग असोसिएशन आणि चॅनल स्विमिंग अँड पायलटिंग फेडरेशन या दोन संस्था आहेत. ‘जुनी तीच खरी’ किंवा ‘नवीत लवकर तारीख मिळते’ असे सल्ले आपल्याकडे बिनदिक्कत दिले जातात. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पोशाखाचे नियम दोन्हीकडे जवळपास सारखेच: साधा, उष्णता न धरणारा, हातपाय उघडे ठेवणारा एक पोशाख, एक टोपी, गॉगल, अंगाला ग्रीस, निओप्रीनचा (ऊब धरणारा रबरी) पोशाख नाही. बोटीला किंवा माणसाला आधारासाठी हात लागला की मोहीम संपली. कोरड्या किनाऱ्यावरून सुरुवात, आणि पलीकडे पाण्याबाहेर उभं राहून, नाहीतर कड्याला हात लावून शेवट. किमान वय १६. फरक आहे तो पायलटांत, म्हणजे सोबतची बोट चालवून मार्ग दाखवणाऱ्यांत. डोव्हर भागातला प्रत्येक नोंदणीकृत पायलट या दोहोंपैकी एकाच संस्थेचा असतो. तुम्ही पायलट ठरवला की संस्था ठरली. मध्यस्थामार्फत बोट आधी घेऊन अर्ज दुसऱ्या संस्थेकडे गेला, तर तो अर्ज निरुपयोगी.

म्हणून डोव्हरपुरता आमचा सल्ला असा: दोन्ही संस्थांच्या पायलटांची यादी समोर ठेवा आणि पायलट निवडा. तो त्या पाण्यात किती हंगाम आहे, तुमच्या पोहणाऱ्याच्या वेगाच्या माणसांना त्यानं पार नेलं आहे का, ते विचारा. स्लॉटचा क्रमांक विचारा. पायलट एका भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीच्या) आठवड्यात तीन-चार जणांना क्रमानं घेतो. पहिल्या क्रमांकाला चांगला दिवस मिळण्याची शक्यता जास्त, चौथ्याला कमी. वारा पडलाच नाही आणि आठवडा तसाच गेला, तर पैसे परत, पुढचा भांग की पुढचं वर्ष, हे लेखी घ्या. तारखा दोन-तीन वर्षं आधी भरतात, त्यामुळे ‘यंदाच जायचंय’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला उरलेला स्लॉट येतो. किनाऱ्यावर राहण्याची सोय निदान दोन आठवड्यांची हवी. हे सगळं पोहणाऱ्याच्या आणि घरच्यांच्या समोर व्हायला हवं, कारण पैसे त्यांचे असतात आणि वाट बघणंही त्यांच्याच नशिबी येतं.

दुसरी तक्रार पात्रतेच्या पोहण्याची, आणि ही आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. इंग्लिश खाडीसाठी १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं, तेही साक्षीदाराच्या सहीनं आणि त्याच साध्या पोशाखात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतकं थंड पाणी कुठल्याच महिन्यात नसतं. तरी ‘हा मुलगा धरमतर पोहलाय, त्याला सहा तासांचं काय’ असं सांगून पात्रतेकडे कागदाचं काम म्हणून बघितलं जातं. धरमतरचं अंतर कितीही मोठं असलं तरी ते ऊबदार पाण्यातलं आहे. थंड पाण्यात पहिल्या तासात काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला बोटं फाकतात, पंजा पाणी धरत नाही, मिनिटाला ६४ पडणारे हात ५५वर येतात, साध्या प्रश्नाला उत्तर उशिरा येतं. बाहेर काढल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ उतरतच राहतं. धोका तिथेही संपत नाही. सहा तासांची अट आहे ती आपलं शरीर या टप्प्यावर काय करतं हे पोहणाऱ्याला खाडीच्या मधोमध नव्हे तर किनाऱ्याजवळ कळावं म्हणून. ती खोट्या सहीनं भागवणं म्हणजे पोहणाऱ्याला अंधारात ढकलणं. सरळ मार्ग एवढाच की हंगामाच्या सुरुवातीला, पाणी अजून थंड असताना, डोव्हरच्या बंदरात किंवा तशाच पाण्यात जाऊन सहा तास पुरे करायचे. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात धरा. शेवटच्या महिन्यात तो कुणालाच परवडत नाही.

तिसरी तक्रार आपल्या घरच्या पाण्याची. धरमतर ते गेटवे हे साधारण ३६ किलोमीटर. हा मार्ग पूर्ण भरती-ओहोटीवर चालतो. धरमतरच्या खाडीतून बाहेर पडेपर्यंत ओहोटीची साथ लागते. निघायला उशीर झाला किंवा वेग कमी पडला तर रेवस-करंजाच्या अलीकडेच पाणी फिरतं आणि तासभर हात मारूनही किनाऱ्यावरची खूण हलत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, भांगात तो बराच कमी असतो. म्हणजे पौर्णिमेच्या आणि अष्टमीच्या पोहण्याची वेळ एकाच तक्त्यात मांडणं चूक आहे, निदान शेजारी त्या दिवसाच्या भरतीची वेळ आणि उंची लिहिल्याशिवाय तरी. पण आपल्याकडची प्रमाणपत्रं बघा. नाव, अंतर, लागलेला वेळ, पाहुण्यांची सही. सुरुवात जेट्टीवरून उडी मारून झाली की किनाऱ्यावरून चालत? वाटेत बोटीला किती वेळा हात लागला? सोबतीला किती जण पाण्यात उतरले, ते पोहणाऱ्याच्या बाजूला होते की पुढे? इंग्लिश खाडीच्या नियमांत सोबतचा पोहणारा एका वेळी एकच, ठरावीक वेळेपुरता, आणि त्यानं पुढे जायचं नाही. इथे कित्येकदा क्लबातली अर्धी मुलं आळीपाळीनं पुढे पोहत राहतात आणि त्यांच्या मागचं ओढीचं पाणी मुख्य पोहणाऱ्याला मिळतं. बोटीच्या अगदी मागे किंवा आडोशाला पोहल्यानंही तेच होतं. मुलं फसवत नसतात. त्यांना हे नियम कुणी सांगितलेलेच नसतात.

निरीक्षकांचंही तसंच. निरीक्षक पोहणाऱ्याचा नातेवाईक, प्रशिक्षक, क्लबाचा पदाधिकारी किंवा प्रायोजकाचा माणूस नसावा, हा या क्षेत्रातला पहिला नियम. आपल्याकडे अनेक बोटींवर निरीक्षक म्हणून यांपैकीच कुणीतरी असतो. दहा-बारा तासांच्या मोहिमेला एक माणूस पुरतही नाही: उन्हात, लाटांवर, उलट्या होत असताना सलग नोंद ठेवता येत नाही. दोघं हवेत, पाळीनं. नोंद दर अर्ध्या तासाला: घड्याळाची वेळ, जीपीएसवरची जागा, मिनिटाला पडणारे हात, पाण्याचं आणि हवेचं तापमान, वाऱ्याचा जोर आणि दिशा, काय खाल्लं-प्यायलं, किती मिली, उलटी झाली का, काय बोलला. जीपीएसची दोन वेगळी यंत्रं, कारण एकाची बॅटरी जातेच. सुरुवातीचं आणि शेवटचं सलग चित्रीकरण. एवढं असेल तर दहा वर्षांनीही कुणी प्रश्न विचारला तरी उत्तर देता येतं.

चौथी तक्रार लहान मुलांची. ‘सर्वांत लहान’ या विक्रमासाठी दहा वर्षांच्या आतल्या मुलांना तासन्‌तास समुद्रात ठेवलं जातं आणि मग एखाद्या विक्रमपुस्तकाचं प्रमाणपत्र वर्तमानपत्रात झळकतं. या पुस्तकांना शुल्क आणि चित्रफीत लागते. पाण्याचे नियम त्यांचे नसतात, बोटीवर माणूस त्यांचा नसतो. त्यांना नियामक संस्था म्हणणं बंद करा. १९८८ मध्ये ११ वर्षांचा टॉमस ग्रेगरी इंग्लिश खाडी पोहून गेला. त्यानंतर किमान वयाची अट इतकी वर आली की तो विक्रम आता कुणी मोडूच शकत नाही. जगातल्या सर्वांत अनुभवी संस्थांनी लहानपणाचा विक्रम ही कल्पनाच निकालात काढली आहे. आपण मात्र तिची जाहिरात करतो.

पाचवी गोष्ट थोडक्यात, कारण ती वादाची नसावी: थांबवण्याचा अधिकार. इंग्लिश खाडीत पायलटचा शब्द शेवटचा. आपल्या बोटींवर तो अधिकार कुणाकडे आहे ते विचारलं तर तीन जण तीन उत्तरं देतात; बोट चालवणाऱ्या तांडेलाला कुणी विचारतच नाही. प्रशिक्षकाकडे हा अधिकार एकट्याकडे नसावा, कारण त्यानंही दोन वर्षं घातलेली असतात. आणि फक्त थंडीचीच भीती धरू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरा इथे १० किलोमीटरच्या जागतिक शर्यतीत अमेरिकेचे फ्रॅन क्रिपेन मृत्यू पावले. त्या दिवशी पाणी फार गरम होतं, आणि ते दिसेनासे झाल्याचं वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात मुंबईच्या बंदरात पोहणाऱ्याला हाच धोका असतो.

राहिला कोकणातल्या नव्या मार्गांचा प्रश्न, जिथे कुणीच संस्था नाही. तिथे स्वतःचे नियम त्या दिवशी सकाळी बनवू नका. मॅरेथॉन स्विमर्स फेडरेशनचे नियम आणि नोंदींचे नमुने सर्वांना खुले आहेत, आणि स्थानिक संस्था नसलेल्या मार्गांनाही ते लावता येतात. मोहिमेच्या आधी जाहीर करा की आम्ही हे नियम पाळणार. एखादा पाळता येणार नसेल तर कुठला आणि का, तेही आधीच. निओप्रीन घालून पोहायचं तर घाला, टप्प्याटप्प्यानं पोहायचं तर पोहा. फक्त ते तसं लिहा. प्रवाहाच्या साथीनं पोहणंही कमी दर्जाचं नाही. मुर्शिदाबादची भागीरथीतली ८१ किलोमीटरची शर्यत नदीच्या प्रवाहाबरोबरच होते आणि सगळे ते मोकळेपणानं सांगतात.

आमच्या मागण्या अशा आहेत.

कुठल्याही मोहिमेसाठी पहिला रुपया घेण्याआधी क्लबानं पोहणाऱ्याला एक लेखी पत्रक द्यावं. त्यात संस्थेचं नाव, तिचे नियम मराठीत, पायलट किंवा तांडेल, भरतीच्या वेळा, पात्रतेची अट आणि ती कुठे, कधी पुरी होणार, आणि पैसे परत मिळण्याच्या अटी असाव्यात. मध्यस्थ असेल तर त्याचं नाव आणि तो घेणार असलेली रक्कमही.

मुंबई बंदरातल्या लांब पल्ल्याच्या मोहिमांसाठी सर्व क्लबांनी मिळून एकच नियमावली आणि निरीक्षकांची एक सामाईक यादी करावी. एका क्लबाच्या बोटीवर दुसऱ्या क्लबाचे निरीक्षक, प्रत्येक मोहिमेला दोघं. त्यांचा प्रवासखर्च सामाईक निधीतून, पोहणाऱ्याच्या घरून नाही.

प्रत्येक मोहिमेची पूर्ण नोंदवही आणि जीपीएसचा माग पंधरा दिवसांत जाहीर व्हावा, मोहीम अर्धवट राहिली असली तरी. अर्धवट राहिलेल्यांच्या नोंदींतूनच पुढच्याला शिकता येतं, आणि सध्या त्याच सर्वांत आधी हरवतात.

थांबवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचं नाव निघण्यापूर्वी बोटीवर वाचून दाखवावं, तांडेलासमोर.

१६ वर्षांखालील मुलांची १० किलोमीटरपेक्षा लांब एकट्याची मोहीम कुठल्याही क्लबानं आपल्या नावाखाली करू नये. ही मागणी काहींना कडक वाटेल. आम्ही ती मागे घेणार नाही.

जुन्या प्रमाणपत्रांना आम्ही हात लावायला सांगत नाही. ज्यांनी त्या वेळच्या पद्धतीनं पोहून दाखवलं त्यांचा मान त्यांच्याकडे राहू द्या. फक्त यापुढच्या तक्त्यात कोणती नोंद कुठल्या नियमांखालची, तो रकाना असू द्या.

कोजागिरीच्या आधी एक बैठक बोलवा. सामाईक नियमावलीचा मसुदा, नोंदवहीचं कोरं पान आणि निरीक्षकांच्या प्रशिक्षणाचा आराखडा आम्ही घेऊन येऊ. ज्या क्लबांना यातलं काही मान्य नसेल त्यांनी कुठलं कलम आणि का, ते लेखी कळवावं. त्याचं उत्तरही आम्ही असंच उघडपणे देऊ.

आपले,
सागरी जलतरणाच्या बोटींवर निरीक्षण आणि नोंदीचं काम करणारे कार्यकर्ते